बसून पाहिलेलं घोडियं

हर्षदा पिंगळेला परक्या दारात उभं राहायचा संकोच कधी वाटला नाही. लग्नाआधी नाशिकला ती एका साबण कंपनीसाठी घरोघर फिरली होती. कुठला साबण वापरता, वास आवडतो का, असं विचारायचं, छापील कागदावर खुणा करायच्या, आभार मानायचे आणि पुढच्या दाराची कडी वाजवायची. काही घरांत गार पाणी मिळे, काही घरांत कुत्रं अंगावर येई. पण आपला चेहरा पाहून माणसं दार लावून घेत नाहीत, हे तिला तेव्हाच कळलं होतं, आणि मनातून त्याचा थोडा अभिमानही होता.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तिच्या नवऱ्याची, सुधाकरची, बँकेतून सुरतेला बदली झाली. पर्वत पाटियाजवळ भाड्याचा फ्लॅट मिळाला, मुलगी तेजू शाळेत रुळली आणि दुपारचं घर हर्षदाला खायला उठू लागलं. शेजारणीच्या ओळखीनं ती सुरतेच्याच उधना भागात रमणीकभाईंच्या कारखान्यात लागली. तिथं लोखंडी पाइपच्या घडीच्या खुर्च्या आणि खाटा तयार होत. फोन घ्यायचे, बिलं टाइप करायची, एवढंच तिचं काम.

पुढं रमणीकभाईंना नातू झाला. घरातलं पिढीजात सागवानी घोडियं बाहेर निघालं. गुजरातेत बाळाला घोडियातच निजवतात : दोन्हीकडे पाय, वर आडवा दांडा, दांड्याला कापडाची झोळी आणि झोका द्यायला दोरी. ते जडशीळ घोडियं माळ्यावरून उतरवताना दोन माणसांची कंबर धरली, तेव्हा रमणीकभाईंच्या डोक्यात आलं, की हेच आपण पाइपचं केलं तर? हलकं, घडीचं, खाटेखाली सरकवता येईल असं. कारखान्याच्या आजूबाजूला सगळी एकेका खोलीची घरं, खानदेशातून लूमवर, म्हणजे यंत्रमागांवर, कामाला आलेली माणसं. त्यांना तर हवंच असणार.

"बेन," ते आपल्या सुरती मराठीत हर्षदाला म्हणाले, "तुम्ही मराठी. त्या बायका तुमच्याशी बोलशे. जरा पूछून या ना, त्यांना काय पाहिजे."

कारखान्यात आशिष नावाचा तरुण इंजिनियर होता. त्यानं घोडियाचं चित्र काढलं, हर्षदानं आपल्या साबणाच्या दिवसांना स्मरून प्रश्न तयार केले. किती उंच हवं, घडीचं आवडेल का, कुठला भाव परवडेल. हे सगळं करताना तिच्या डोळ्यांसमोर तेजूचं तान्हेपण होतं. आपण आई आहोत, आपल्याला कळतंच की, असं तिला वाटत होतं.

वैशाखाच्या उन्हात ती उधन्याच्या गल्ल्यांतून फिरली. लूमची खटखट भिंतीतून ऐकू येई, त्यामुळे प्रश्न ओरडून विचारावे लागत. एका दारात चंचल भेटली. वीस वर्षांचीही नसेल, दिवस भरत आले होते. तिनं आधी पाणी दिलं, मग गुळाचा खडा दिला, मग चित्र हातात घेऊन खूप वेळ पाहिलं.

"आवडलं का?" हर्षदानं विचारलं.

"छान शे ना, ताई. भलतं छान शे."

घडीचं हवं का? हो. उंची बरोबर आहे का? हो. चंचलनं सगळ्याला हो म्हटलं. तशी त्या गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येकीनं म्हटलं. हर्षदानं कागदांचा गठ्ठा रमणीकभाईंच्या टेबलावर ठेवला तेव्हा त्यांनी कारखान्यात सगळ्यांना पेढे वाटले.

घोडियी बनली, दुकानांत गेली, आणि आरंभी खपलीही. मग खप हळूहळू थंडावला. दुकानदारांकडे कुणी तक्रार घेऊन येत नव्हतं. मागायलाही कुणी येत नव्हतं. रमणीकभाई दोन-तीनदा म्हणाले, "काय झाला, बेन? सगळ्यांनी तर हा बोलला होता." त्यांच्या स्वरात राग नव्हता, त्यामुळे हर्षदाला जास्तच लागलं.

एका दुपारी ती मुद्दाम त्या गल्लीत गेली. चंचलच्या दारात पोचली आणि थबकली. खोलीच्या कोपऱ्यात त्यांच्याच कारखान्याचं घोडियं उभं होतं. वरच्या दांड्यावर ओले लंगोट आणि लुगडं वाळत घातलं होतं. बाळ मात्र छताच्या कडीला बांधलेल्या जुन्या साडीच्या झोळीत होतं.

चंचल गोरीमोरी झाली. तिची सासू पुष्पाबाई पुढं आली आणि दांड्यावरचे कपडे ओढून काढू लागली. "घोडियं भारी शे, बाई," ती म्हणाली. "पन पोऱ्या तेन्हामा निजसच नही. पोऱ्याच हट्टी शे."

"राहू द्या ना कपडे," हर्षदा म्हणाली. पण पुष्पाबाईनं सगळे काढले, आणि घोडियं रिकामं, लाजल्यासारखं उभं राहिलं. सगळा दोष त्या चार महिन्यांच्या पोरावर, कुंदनवर, आला होता. तो झोळीत मूठ चोखत पडला होता.

आशिषचं म्हणणं पडलं, की एकेकीला विचारण्यापेक्षा सगळ्यांना एकत्र बोलवू. बायका एकमेकींच्या नादानं मोकळ्या होतात. त्याचं खोटं नव्हतं. तेजूच्या शाळेतल्या पालकसभेत हर्षदानं ते पाहिलं होतं. मग एका रविवारी कारखान्यात सतरंज्या घातल्या. चहा आणि खमणाचा बेत केला. आया आल्या, पण बरोबर सासवाही आल्या. सासवा पुढं बसल्या, सुना भिंतीला. एका ठसठशीत आवाजाच्या आजीबाईंनी सभा ताब्यात घेतली. घोडियाला घुंगरू हवेत, चिमण्या हव्यात, आमच्या वेळी असंच होतं. बाकीच्या माना डोलवत होत्या. चंचल कुंदनला मांडीवर घेऊन मागं बसली होती. एकदा तिनं तोंड उघडलं, पुष्पाबाईकडे पाहिलं, आणि पुन्हा बाळाचं टोपडं नीट करू लागली.

हर्षदानं ते पाहिलं. आशिष मात्र घुंगरांचं चित्र काढत होता.

त्या संध्याकाळी ती घरी मेथी निवडत होती. तेजू जवळ येऊन बसली. "आई, मी लहान असताना मला झोका कोण द्यायचं?"

"आजी," हर्षदा म्हणाली. "माझी आई आली होती ना. पाळण्याशेजारी खुर्ची घेऊन बसायची, दोरी ओढत."

"आणि तू?"

"मी झोपायचे बाई. थकलेली असायचे."

बोलता बोलता तिचा हात थांबला. सुधाकर पेपर वाचत होता. त्यानं वर पाहिलं. "काय झालं?"

"अहो, मी सगळ्यांना दोरीची उंची विचारत फिरले. खुर्चीत बसलेल्या बाईच्या हाताला येईल अशी. चंचलच्या घरात खुर्चीच नाही."

सुधाकरनं पेपर बाजूला ठेवला. मेथीची एक जुडी स्वतःकडे ओढली. "मग जाऊन बघ की," तो म्हणाला, "त्या घरात काय आहे ते."

दुसऱ्या दिवशी तिनं रमणीकभाईंना सांगितलं, की मला काही दिवस चंचलच्या घरी नुसतं बसायचं आहे. प्रश्न नाहीत, कागद नाहीत.

"बसून शुं थशे? काय होईल?" रमणीकभाईंनी विचारलं.

"मला माहीत नाही. विचारून जे कळायचं ते कळून झालंय. त्यांचे हात काय करतात ते विचारून कळणार नाही, कारण आपल्या हातांकडे कुणी बघत नाही. मीसुद्धा नाही."

 रमणीकभाई हात हलवून म्हणाले, "जा. पण सांजे फोन करजो."

पहिल्या दिवशी काहीच कळलं नाही. पुष्पाबाईनं खोली झाडून लख्ख केली होती, चंचलला नवी साडी नेसवली होती आणि कुंदनला पाहुण्यासाठी मुद्दाम लोखंडी घोडियात घातलं होतं. तो बेंबीच्या देठापासून रडत होता. दोघी हर्षदासमोर अवघडून बसल्या. हर्षदाही अवघडली. परक्या दारात उभं राहायचं तिला येत होतं, परक्या घरात बसायचं येत नव्हतं.

कोपऱ्यात साड्यांचा गठ्ठा होता. बाजारातल्या व्यापाऱ्याकडून आलेल्या त्या साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम सासू-सुना घरी करत. हर्षदा उठली, गठ्ठ्याशी जाऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, मला शिकवा."

पुष्पाबाई हसली. काडीच्या टोकाला मेण लावून टिकली कशी उचलायची, गोंदाचा थेंब केवढा ठेवायचा, ते तिनं दाखवलं. हर्षदाच्या टिकल्या वेड्यावाकड्या बसत. पुष्पाबाई त्या न बोलता उचलून सरळ करी. त्यानंतर मात्र घर आपल्या चालीनं चालू लागलं. जुनी साडी परत अंगावर आली, कपडे परत घोडियावर गेले, कुंदन परत झोळीत गेला. रोज दुपारी हर्षदा येई, टिकल्या लावी, आणि हळूहळू ती घरातल्या रॉकेलच्या डब्याइतकीच सवयीची झाली.

मग तिला दिसू लागलं. चंचल भिंतीला पाठ टेकून पाय पसरून बसे. मांडीवर साडी, एका हातात काडी, दुसऱ्या हाताची बोटं गोंदानं भरलेली. झोळीची दोरी तिच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली असे. अंगठा हलत राही, बाळ झुलत राही, आणि टिकल्या एकामागून एक बसत जात. लोखंडी घोडियाच्या दोरीला हात लावायचा, तर गोंद पुसून उठावं लागलं असतं. शिवाय घोडियाचे फाकलेले पाय नेमके साडी पसरायच्या जागेवर येत.

आणि तिथंच, हाताभरावर, चंचलचा नवरा लोटू झोपलेला असे. तो लूमवर रातपाळीला होता. लूमच्या खटखटीत दिवसाही गाढ झोपणारा तो माणूस एका आवाजानं मात्र दचकून उठे. एकदा पुष्पाबाईनं कौतुकानं कुंदनला घोडियात घातलं आणि झोका दिला. कडीशी लोखंडावर लोखंड घासलं. करर्र, करर्र. लोटू धडपडून उठून बसला, लाल डोळ्यांनी इकडेतिकडे पाहू लागला. समोर पाहुणीबाई दिसताच त्यानं ओशाळून हात जोडले आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा पडला. चंचलनं लगबगीनं बाळ उचललं. 

पाइपच्या घोडियाला कुणीच हाकललं नव्हतं. ते नुसतं त्या घरात मावत नव्हतं.

एका दुपारी पुष्पाबाई पाणी भरायला नळावर गेली. चंचल काडी खाली ठेवून म्हणाली, "ताई, तुम्ही रागावल्या का मन्हावर?"

"कशासाठी गं?"

"तुम्ही पहिल्यांदा उन्यात तधय मी सांगं, छान शे म्हनीसन." ती नखानं गोंद खरवडत होती. "तुम्ही इतला उनमा पायी उन्यात. घामाघूम व्हयेल व्हत्यात. तुम्हले वाईट कसं सांगू?"

 ते सगळे हो, ती सगळी छान छान, गठ्ठाभर कागद. तिला वाटलं होतं, बायकांनी तिला फसवलं, किंवा त्यांना समजलं नाही. पण उन्हातून आलेल्या एका बाईला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, म्हणून त्यांनी तिला जे घरात होतं ते दिलं होतं. पाणी, गूळ आणि हो.

"मी नाही रागावले," ती म्हणाली. तिनं एक टिकली उचलली. "आता खरं सांग. काय झालं घोडियाचं?"

आणि चंचल बोलली. नळावरून सासू परत येईपर्यंत बोलत राहिली. लोटूच्या झोपेचं बोलली, पायाच्या दोरीचं बोलली. अंगठ्याला दोरी काचते, संध्याकाळी सूज येते, हे तिनं हसत हसत सांगितलं. माहेरी, अमळनेरकडे, झोळी कडुलिंबाला बांधत, तेही सांगितलं. त्याचा घोडियाशी काही संबंध नव्हता, पण हर्षदानं तेही तितकंच मन लावून ऐकलं.

आशिषला तिनं हे सगळं सांगितलं तेव्हा त्यानं घुंगरांचं चित्र बाजूला सारलं. मग स्वतःच म्हणाला, "मी येऊ का एकदा? लांबून बघतो." पुरुष माणूस घरात कसा बसणार, म्हणून तो दारात उभ्या उभ्याच चहा प्यायला, पण तेवढ्यात त्यानं घोडियाचे पाय आणि मोकळी जमीन डोळ्यांनी मापून घेतली. परत येताना त्याच्या डोक्यात नवीन घोडियं उभं राहिलं होतं. एक बाजू भिंतीला चिकटून उभी राहील, कडीत नायलॉनची पुंगळी बसवायची म्हणजे आवाज होणार नाही, आणि दोरी खालपर्यंत आणून तिच्या टोकाला पाऊल जाईल असा रुंद, मऊ पट्टा.

रमणीकभाईंनी चित्र पाहिलं आणि खरा प्रश्न विचारला. "बेन, एक घर पाहिला. सगळ्या सुरतचा काय?"

हर्षदाला राग आला नाही, कारण तोच प्रश्न तिलाही पडला होता. ती भेस्तानला गेली, एका मास्तरांच्या घरी बसली. मग रमणीकभाईंच्याच घरी बसली. तिथं त्यांच्या आई, बा, हिंडोळ्यावर बसून दोरी हातानंच ओढायच्या. त्यांना पायाचा पट्टा दाखवताच त्यांनी नाक मुरडलं. म्हणून दोरी दोन्हींसाठी झाली : वर हाताला मूठ, खाली पट्टा. भाव किती असावा, हे मात्र हर्षदानं पुन्हा कागद घेऊन दारोदार विचारलं. त्या गोष्टीला कुणाच्या घरात बसून राहायची गरज नव्हती. फक्त आता ती संध्याकाळी, ऊन उतरल्यावर जाई, आणि दारात पोचताच आधी सांगे, "मी सरबत पिऊन आलेय, आणि वाईट ऐकायलाच आलेय." बायका हसत. मग भावावरून कडाकड भांडत.

आशिषला नवीन घोडियं बनताच पुन्हा सभा भरवायची होती. हर्षदानं त्याला थांबवलं. "नव्या वस्तूला सगळेच छान म्हणतात. घरात ठेवून येऊ. पुरती जुनी होऊ दे."

पहिलं घोडियं चंचलकडे गेलं. हर्षदा बरेच दिवस तिकडे फिरकली नाही. जावंसं फार वाटे, पण आपण गेलो की कुंदनला पुन्हा पाहुण्यासाठी घोडियात घालतील, हे तिला ठाऊक होतं. संक्रांत आली, गेली. मग एका दुपारी, न कळवता, ती त्या गल्लीत शिरली.

दार अर्धं उघडं होतं. आत लोटू भिंतीकडे तोंड करून झोपला होता. पुष्पाबाई बाहेर गेली असावी. घोडियं भिंतीला लागून उभं होतं, त्यावर एकही कपडा नव्हता. झोळीतून कुंदनचा एक गुबगुबीत पाय बाहेर आला होता. आणि चंचलही झोपली होती. भिंतीला टेकून, मान एका खांद्यावर कललेली, मांडीवर अर्धी साडी. तिचं पाऊल पट्ट्यात होतं. झोपेतही ते मधूनच हले, आणि झोळी न वाजता थोडी पुढं जाई.

हर्षदा उंबऱ्याशी उभी राहिली. कडी वाजवायला उचललेला हात तिनं खाली घेतला. तिच्या मनात आलं, आपण तेजूच्या वेळी असेच झोपत होतो, आणि शेजारी आपली आई जागी होती. या पोरीशेजारी कुणी जागं नव्हतं. तिनं दार हलकेच ओढून घेतलं आणि चपला हातात धरून गल्लीच्या तोंडापर्यंत अनवाणी आली.

"काय म्हणाल्या?" कारखान्यात आशिषनं विचारलं.

"काही नाही. झोपलेत सगळे."

आशिषला ते कळायला एक क्षण लागला. मग तो इतका हसला, की आतून वेल्डिंगवाले बघायला आले.

ते घोडियं चाललं. फार गाजलं असं नाही, पण उधन्यात, भेस्तानात, पुढं लिंबायतकडे, एकीनं दुसरीला सांगून घरोघर गेलं. रमणीकभाई मग कुठलीही नवी वस्तू काढताना हर्षदाला बोलावत आणि विचारत, "बेन, या वेळी पूछवानुं के बेसवानुं?" ती आधी विचार करी, की आपल्याला नक्की काय कळून घ्यायचं आहे. कधी ती कागद घेऊन जाई, कधी नुसती बसे. घडीच्या खाटेच्या वेळी तर तिनं स्वतःच आठवडाभर त्या खाटेवर झोपून पाहिलं, आणि सुधाकरला तिची पाठ शेकावी लागली.

दशक संपता संपता सुधाकरची वडोदऱ्याला बदली झाली. सामान बांधायच्या दिवशी चंचल पर्वत पाटियाला आली. कुंदन आता घरभर धावत होता आणि तेजू त्याला पेटाऱ्यांमधून शोधून काढत होती. दोघींनी मिळून भांडी कागदात गुंडाळली.   शेवटी स्टोव्ह तेवढा बांधायचा राहिला, तेव्हा हर्षदानं त्यावर चहा ठेवला आणि साखरेचा डबा उघडला.

"ताई," मागून चंचल म्हणाली, "साखर जराशी कमी टाका. तुम्हना चहा कायम भलता गोड ऱ्हास."

हर्षदानं वळून पाहिलं. इतकी वर्षं ही पोर तो चहा न कुरकुरता पीत आली होती. चंचलनं पदर तोंडाला लावला होता, पण डोळे हसत होते.

"आत्ता सांगतेस?" हर्षदा म्हणाली, आणि हसता हसता तिला रडू आलं. तिनं चमचा निम्मा डब्यात रिकामा केला, उरलेली साखर टाकली आणि चहा ढवळला.